आई जेवू घालीना

‘किरीडम’ या १९८९ च्या मल्याळम चित्रपटाच्या शेवटी एक पोलीस हवालदार साहेबापुढे ताठ उभा राहतो. फौजदारपदाच्या एका उमेदवाराची चौकशी त्याच्याकडे आलेली असते, आणि उमेदवार त्याचाच मुलगा असतो. पोरगा फौजदार व्हावा एवढं एकच स्वप्न त्या बापाने उराशी धरलेलं. पण बापाला मारणाऱ्या गुंडावर पोराने हात उचलला आणि तिथून सगळं घसरत गेलं, ते पोराच्या हातून खून होईपर्यंत. हवालदार अच्युतन नायर सांगतो, हा माणूस या नोकरीला लायक नाही. सांगून होतं आणि तो सॅल्यूट ठोकतो. आवाज खात्याचा, चेहरा बापाचा. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलच्या चार बोटं रुंद पडद्यावर, डोंबिवली लोकलमध्ये, खालची अक्षरं वाचत. सॅल्यूटच्या वेळी अक्षरं वाचायची राहून गेली.

अच्युतन नायर झालेल्या नटाचं नाव तिलकन. पुढे एकवीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या नावापुढे तोच शेरा आला: हा माणूस आमच्यात काम करायला लायक नाही. शेरा मारणारं पोलीस खातं नव्हतं, त्यांच्याच बिरादरीची संघटना होती. आणि नियती कधीकधी फारच ढोबळ पटकथा लिहिते म्हणून सांगतो. ‘किरीडम’चे दिग्दर्शक सिबि मलयिल यांचं नाव २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाच्या एका आदेशात आलं. चित्रपटसृष्टीतल्या माणसांवर बहिष्कार टाकल्याबद्दल ज्या संघटना आणि ज्या पदाधिकाऱ्यांना दंड झाला, त्यांत ते होते. तो खटला तिलकन यांचा नव्हता, दिग्दर्शक विनयन यांचा होता. पण दोघांना मार बसला तो एकाच काठीचा.

मल्याळम नटनट्यांच्या त्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो ‘अम्मा’, म्हणजे आई. १९९४ मध्ये ती स्थापन झाली. तंत्रज्ञ आणि दिग्दर्शकांच्या संघटनांचा महासंघ वेगळा, त्याला म्हणतात ‘फेफ्का’. ज्येष्ठ नटाला आईने घराबाहेर काढलं आणि दुसरीकडे काम मिळू लागलं तर महासंघ आडवा आला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. ही म्हण आपण इतकी गुळगुळीत करून टाकली आहे की तिच्यातली क्रूरता आता जाणवत नाही. ती उपाशी पोराबद्दल आहे. तिलकन यांच्या बाबतीत मात्र ती शब्दशः वापरता येते, म्हणून मला या एका नटाच्या आयुष्यावरून एक सार्वजनिक प्रश्न मांडायचा आहे. व्यावसायिकांच्या संघटनेला आपल्या सभासदाचा रोजगार बंद करण्याचा हक्क असतो का? माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. पण तिथवर यायला मला स्वतःला थोडं वळण घ्यावं लागलं, कारण मी संघटनेच्या घरातला आहे.

आधी माणूस पाहू. सुरेंद्रनाथ तिलकन यांचा जन्म १९३५ चा, आजच्या पत्तनंतिट्टा जिल्ह्यातल्या अयिरूरचा. वाढले मुंडक्कयमला, कारण वडील तिथल्या मळ्यात नोकरीला. हा केरळचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग, रबर आणि चहाच्या मळ्यांचा. कोल्लमच्या श्रीनारायण कॉलेजात शिकायला गेले, १९५६ मध्ये कॉलेज सोडलं आणि मित्रांना गोळा करून गावातच नाटकमंडळी काढली. १९५६ हे साल केरळात साधं नाही. त्याच वर्षी भाषावार केरळ राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बसलं. त्या सरकारच्या विजयाचं थोडंफार श्रेय नाटकांना देण्याची केरळात रीतच आहे. केपीएसी, म्हणजे केरळ पीपल्स आर्ट्स क्लब, या मंडळीने तोप्पिल भासी यांचं ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’, म्हणजे ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत’, हे नाटक १९५२ पासून गावोगाव नेलं होतं. आपल्याकडे अण्णाभाऊ आणि अमर शेखांनी जे पोवाड्यातून आणि लोकनाट्यातून केलं, त्याच्या जवळचं हे काम. तिलकन १९६६ पर्यंत केपीएसीत होते. मग कोल्लमचं कालिदास कलाकेंद्र, चंगनाशेरीची ‘गीता’, आणि शेवटी पी. जे. अँटनी यांची मंडळी.

केरळातल्या या व्यावसायिक नाटकमंडळ्यांचं जगणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. देवळाचा उत्सव, चर्चची यात्रा, मोकळ्या मैदानात मांडव, रात्री उशिरा पडदा वर, आणि तो खाली आला की सामान गाडीत भरून पुढच्या गावाकडे. कोकणातल्या दशावतारी मंडळींनी किंवा आपल्या तमाशाच्या फडांनी वाचलं तर म्हणतील, यात नवीन काय? एवढंच की केरळात हे मालक-नटांचं गणित बरंच सहकारी होतं आणि नाटकांचा विषय बहुधा आजचा, पोटापाण्याचा असायचा. तिलकन यांचा आवाज तिथे घडला. त्या आवाजाला ध्वनिवर्धक लागत नसे हे चित्रपटात ऐकतानाही कळतं. कुजबुजले तरी शेवटच्या रांगेसाठी कुजबुजतात.

अँटनी यांचा उल्लेख एका वाक्यात उरकणं बरं दिसत नाही. ‘निर्माल्यम’मधल्या देवळाच्या वेलिच्चप्पाडाच्या, म्हणजे अंगात येणाऱ्या सेवेकऱ्याच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा पहिला मल्याळी नट. तिलकन यांना पडद्यावर आणलं ते यांनीच, १९७३ च्या ‘पेरियार’मधून. १९७९ मध्ये अँटनी गेले तेव्हा त्यांची मंडळी तिलकन यांनी चालवायला घेतली. म्हणजे चित्रपटात पाऊल पडलं होतं, तरी माणूस मनाने फडातच होता. ‘कोलंगल’मधला दारुडा वर्की त्यांनी केला तो १९८१ मध्ये, आणि पुढच्या वर्षी के. जी. जॉर्ज यांच्या ‘यवनिका’त ते नाटकमंडळीचे मालक वक्कच्चन झाले. यवनिका म्हणजे पडदा, हे आपल्याला सांगावं लागत नाही. फिरत्या नाटकमंडळीतला तबलजी बेपत्ता होतो त्याची ती गोष्ट. आयुष्यभर मंडळ्या चालवलेल्या माणसाला मंडळीच्या मालकाची भूमिका मिळाली, आणि राज्य पुरस्कारही.

चित्रपटातले तिलकन बहुतेकदा बाप किंवा आजोबा. पण चौकटीतले नव्हेत. पद्मराजन यांच्या ‘मून्नाम पक्कम’मध्ये नातू समुद्रात बुडतो, आणि समुद्र नेलेलं माणूस तिसऱ्या दिवशी परत देतो या समजुतीवर आजोबा किनाऱ्यावर थांबतात. ‘स्फटिकम’मधला चाक्को मास्तर गणितावाचून जगात काही मोलाचं नाही अशा खात्रीने आपल्या पोराला मोडून टाकतो. ‘पेरुंतच्चन’मध्ये तर दंतकथेतला थोर सुतार बाप आहे, ज्याच्या हातातली पटाशी उंचावरून सुटते आणि खाली काम करणाऱ्या मुलाचा जीव घेते. सुटली की सोडली, हा प्रश्न केरळात शेकडो वर्षं चघळला गेला आहे. या भूमिकेसाठी त्यांना राज्याचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘अग्निपथ’साठी अमिताभ बच्चन यांना गेला, आणि एखाद्या मल्याळी गृहस्थाशी चहावर बोलताना हा विषय काढून बघा, चहा निवतो. राष्ट्रीय पातळीवर त्यांना मिळाला तो ‘ऋतुभेदम’साठी, साहाय्यक अभिनेत्याचा. २००९ मध्ये पद्मश्री.

पद्मश्रीनंतर वर्षभरातच घरातून हकालपट्टी.

घडलं ते थोडक्यात असं. विनयन हे दिग्दर्शक संघटनेतल्या भांडणातून बाजूला पडले होते. त्यांच्याबरोबर कोणी काम करू नये असा दंडक होता. तिलकन यांनी त्यांच्या चित्रपटात काम केलं. मग एका मोठ्या चित्रपटातली त्यांची भूमिका गेली. आपल्याला ठरवून वगळलं, आणि ते महासंघाच्या दबावामुळे, असं त्यांनी २०१० च्या सुरुवातीला उघड सांगितलं. तिथे थांबले असते तर कदाचित मिटलं असतं. पण ते थांबणाऱ्यातले नव्हते. संघटना मूठभर ताऱ्यांच्या ताब्यात आहे, ती टोळीसारखी चालते, तिच्यात जातीचे गट आहेत, मी ईळव, म्हणजे केरळातल्या मागास मानलेल्या जातीतला, असल्यामुळे मला डावललं जातं, असं ते वाहिन्यांवर बोलले. नावं घेऊन बोलले. संघटनेने खुलासा मागितला, माफीची अपेक्षा ठेवली. त्यांनी माफी मागितली नाही आणि संघटनेने त्यांना काढलं. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. ज्येष्ठ समीक्षक सुकुमार अळीक्कोड त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर वाद मिटायच्या ऐवजी अळीक्कोड आणि तारे यांच्यातच जुंपली. केरळात साहित्यिकाने असं मध्ये पडणं आणि त्याच्या बोलण्याने तारे दुखावणं, दोन्ही अजून होतं याचा मला थोडा हेवाच वाटला.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. सभासदत्व काढून घेणं ही एक गोष्ट, आणि काम बंद करणं ही दुसरी. पहिलीचा कागद असतो. दुसरीचा नसतो. कोणत्याही निर्मात्याला ‘या माणसाला घेऊ नका’ असं पत्र पाठवायची गरज पडत नाही. त्याला एवढंच कळतं की याला घेतलं तर अमुक नट तारखा देणार नाही, प्रकाशयोजनेची माणसं सेटवर येणार नाहीत, निर्मिती व्यवस्थापक ऐनवेळी आजारी पडेल. निर्माता हा कर्जाच्या पैशाने धंदा करणारा भित्रा प्राणी. तो भूमिका बदलतो आणि म्हणतो, कथेची गरज होती. मल्याळममध्ये अशा बंदीला ‘विलक्क्’ म्हणतात. साध्या ‘ल’ने लिहिलं तर बंदी आणि आपल्या ‘ळ’ने ‘विळक्क्’ लिहिलं तर दिवा. गावाने एखाद्याला वाळीत टाकणं याला शब्द आहे ‘ऊरुविलक्क्’. ऊर म्हणजे गाव. मला हा शब्द समजला तेव्हा सगळा प्रकार एकदम ओळखीचा वाटला. हे तर आपलं हुक्कापाणी बंद.

आता माझी अडचण सांगतो. माझे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होतो. अडीच लाख माणसं घरी बसली. काही महिन्यांनी आमच्या चाळीतला एक जण गुपचूप कामावर जाऊ लागला. त्याला कोणी मारलं नाही. पण सकाळी नळावर त्याची बादली रांगेत असायची ती त्याची पाळी आली की मागे सरकलेली असायची, रोज. त्याची बायको न बोलता ती पुन्हा शेवटी नेऊन ठेवायची. आम्हा पोरांना ती गंमत वाटायची. वडिलांना विचारलं तर म्हणाले, संप मोडणाऱ्याला पाणी दिलं तर संप कशाला केला? तेव्हा मला हे पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजही निम्मं पटतं. ज्याच्या हातात भांडवल नाही त्याच्या हातात एकीच असते, आणि एकी मोडणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नसेल तर ती टिकत नाही. म्हणून बहिष्कार हे हत्यारच वाईट, असं सरसकट म्हणणाऱ्यांत मी नाही. तसं म्हणणारे बहुधा मालकाच्या बंगल्यातून बोलतात.

पण मग तिलकन यांच्यावर चाललेलं हत्यार कोणाचं होतं? संप कोणाविरुद्ध होता? चाळीतल्या त्या माणसाने सगळ्यांच्या मजुरीचा लढा मोडला होता. तिलकन यांनी कोणाची मजुरी कमी केली होती? त्यांनी ताऱ्यांवर टीका केली होती. आणि मल्याळम चित्रपटात मोठा तारा हा निव्वळ कामगार नसतो. तो निर्माताही असतो, वितरणात त्याचा पैसा असतो, कोणता दिग्दर्शक घ्यायचा आणि नायिका कोण हेही पुष्कळदा तोच ठरवतो. अशी माणसं ज्या संघटनेच्या शेंड्यावर बसलेली आहेत तिला कामगारांची संघटना म्हणणं म्हणजे गिरणीमालकाने युनियनचा अध्यक्ष होऊन कामगाराला संपफुटीर ठरवणं. लहानसहान भूमिकांवर पोट भरणारा कलाकार आणि ज्याच्या नावावर चित्रपट विकला जातो तो, हे दोघे एकाच बाकावर बसतात. बाक एकच दिसतो, पण उठवण्याचा अधिकार एकालाच.

संघटनेच्या बाजूने जे बोललं जातं तेही ऐकलं पाहिजे. ‘अम्मा’ म्हाताऱ्या, काम सुटलेल्या नटांना दरमहा पैसे देते. त्या योजनेचं नाव ‘कैनीट्टम’, विषू सणाला घरातली वडीलधारी माणसं लहानांच्या हातावर पैसे ठेवतात त्यावरून घेतलेलं. आजारपणाचा विमा आहे. ज्या धंद्यात पन्नाशीनंतर फोन वाजणं बंद होतं, तिथे ही लहान गोष्ट नाही. आपल्या मराठी रंगभूमीवरच्या किती वृद्ध कलावंतांना शेवटी सरकारी मानधनाच्या अर्जामागे खेटे घालावे लागतात ते पाहिलं तर हेवा वाटावा. पण सणाला हातावर पैसे ठेवणारी वडीलधारी माणसं त्याबदल्यात तोंड बंद ठेवायला सांगू लागली, की ती दक्षिणा राहत नाही. ज्याला दर महिन्याच्या पैशाची खरी गरज आहे तो तिलकन यांच्या बाजूने बोलणार कसा? तो बोलला नाही. फार थोडे बोलले.

दुसरा मुद्दा त्यांच्या जिभेचा. तिलकन हे भांडखोर गृहस्थ होते हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. त्यांचे सगळे आरोप खरेच होते असं मी म्हणत नाही, काही ऐकवतही नाहीत. पण अब्रूनुकसानीला कायदा आहे, न्यायालय आहे. ज्याला लागलं त्याने तिथे जावं. गोडबोल्या सभासदाला संरक्षणाची गरज पडत नाही. संघटना लागते ती तिरसट, गैरसोयीच्या, मालकाच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाला. कारखान्यात पहिली नोटीस नेहमी त्यालाच मिळते.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं की एक मजेशीर विसंगती दिसते. महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. त्याआधी १९४९ मध्येच मुंबई प्रांताने धर्मगुरूंच्या बहिष्कृतीवर बंदी घातली होती, ती दाऊदी बोहरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केली. म्हणजे वाळीत टाकणं ही गोष्ट माणसाला जिवंतपणी मारते हे आपल्याला फार पूर्वीपासून कळत होतं. पण या कायद्यांच्या नजरेत समाज म्हणजे जात आणि धर्म. धंद्याची जात त्यात बसत नाही. वाळीत टाकलेल्या नटाला मग कोणत्या दारात जायचं? विनयन ज्या दारात गेले ते दार कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं: कंपन्यांच्या मक्तेदारीची प्रकरणं जिथे चालतात तो स्पर्धा आयोग. सिमेंट कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवले की जे कलम लागतं, त्याच कलमाच्या घरातलं हे प्रकरण ठरलं.

आम्ही कामगार संघटना आहोत, धंदेवाईक नाही, हा कायदा आम्हाला लागू नाही, असा बचाव झाला. आयोगाने तो मानला नाही. मार्च २०१७ च्या आदेशात ‘अम्मा’ला सुमारे ४ लाख रुपये दंड, महासंघाच्या घटकांना आणि पाच पदाधिकाऱ्यांना वेगळा. पदाधिकाऱ्यांत ‘अम्मा’चे तेव्हाचे अध्यक्ष इनोसंटही होते. पडद्यावरचे लाडके विनोदी नट, आणि तेव्हा लोकसभेचे खासदार. २०२० मध्ये अपील सर्वोच्च न्यायालयात जाऊन फेटाळलं गेलं. आणखी एक योगायोग म्हणजे त्याच मार्च २०१७ मध्ये बंगालचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात लागलं होतं. हिंदी ‘महाभारत’ मालिका बंगालीत डब करून दाखवू नये म्हणून तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या समितीने वाहिन्यांना बहिष्काराची धमकी दिली होती. आपल्या भाषेतलं काम वाचवण्याचा तिथला हेतू मला समजतो, मराठी माणसाला तो समजलाच पाहिजे. न्यायालय मात्र आयोगाच्या बाजूने उभं राहिलं.

चार लाख. २०१७ मध्ये. तिलकन गेले २४ सप्टेंबर २०१२ ला.

मधल्या दोन वर्षांत काय झालं? दूरचित्रवाणी मालिकांकडे वळायचं म्हटलं तर तिथेही वाट अडली. न्यायमूर्ती हेमा समितीच्या अहवालात एका गुणी नटाची हकीकत आहे. मूठभर प्रबळ माणसांच्या गटाने त्याला चित्रपटातून दूर केलं, तो मालिकांकडे गेला तर तिथल्या संघटनेच्या मार्गानेही तो गट आडवा आला. अहवालात नाव नाही, पण केरळात वाचणाऱ्या प्रत्येकाने तिलकन असंच वाचलं. ही समिती मुळात नटाच्या भांडणासाठी नव्हतीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीत एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर स्त्री कलाकारांनी एकत्र येऊन मागणी केली म्हणून ती नेमली गेली. २०१९ च्या शेवटी अहवाल सरकारकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत सरकारच्या कपाटात राहिला. बाहेर आला तोही काही पानं वगळून. स्त्रियांच्या छळाची चौकशी करता करता समितीला एका म्हाताऱ्या नटाची गोष्ट का नोंदवावीशी वाटली? कारण कुलूप एकच होतं. ‘बोललीस तर काम मिळणार नाही’ या वाक्याला जोर येतो तो अशा उदाहरणांनी. ज्यांनी तिलकन यांच्यासारख्याला बसवलं ते नवख्या मुलीला बसवणार नाहीत कशावरून, असा हिशेब प्रत्येकीने मनात केला असणार.

आणि याच संघटनेने जून २०१८ मध्ये काय केलं तेही पाहा. त्या अत्याचार प्रकरणातल्या आरोपी नटाची हकालपट्टी मागे घ्यायचं ठरवलं. त्या निषेधार्थ पीडितेसह चार अभिनेत्रींनी राजीनामे दिले. त्या नटाला कनिष्ठ न्यायालयाने २०२५ च्या डिसेंबरमध्ये निर्दोष सोडलं, हे इथे नोंदवलं पाहिजे. पण २०१८ मध्ये खटला उभा होता आणि आईचं मन द्रवलं होतं. तोंडाने बोललेल्या म्हाताऱ्यासाठी मात्र ते कधी द्रवलं नाही. शिस्त सगळ्यांना सारखी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात.

हे केरळचं आहे, आपलं काय, असं म्हणायची सोय नाही. मुंबईत पश्चिम भारतातल्या सिने कर्मचाऱ्यांचा महासंघ आहे, आणि त्याचा आवडता शब्द आहे ‘असहकार’. गांधीजींनी तो साम्राज्याविरुद्ध वापरला होता. २०१९ मध्ये गायक मिका सिंग कराचीत एका लग्नात गायला म्हणून त्याच्यावर बंदी आली, त्याने माफी मागितली, बंदी उठली. २०२५ मध्ये पाकिस्तानी अभिनेत्री असलेल्या चित्रपटावरून दिलजित दोसांझवर असहकाराची हाक आली. या दोघांबद्दल कळवळा येऊन मी लिहीत नाही, दोघांची पोटं भरलेली आहेत. मला खटकतो तो क्रम. आधी काम बंद, मग माफी, मग काम सुरू. यात गुन्हा काय, तो कोणी ठरवला, बाजू कोणी ऐकली, अपील कुठे, यातलं काहीच नाही. ही पंचायतच झाली. दंड भरा, पंगतीत बसा.

मला वाटतं मागणी साधी असावी. सभासदाला काढायचं तर काढा, संघटनेचा तो हक्क आहे, कारणं लिहून द्या आणि त्यावर बाहेरच्या माणसापुढे दाद मागता येऊ द्या. पण सभासद नसलेल्याबरोबर काम करू नका असं कोणी कोणाला सांगितलं, तोंडी का होईना, तर ते संगनमत धरावं आणि दंड संघटनेच्या कमाईवर नव्हे, बुडालेल्या माणसाच्या रोजगारावर मोजावा. आणि जो स्वतःच्या पैशाने चित्रपट काढतो त्याला नटांच्या संघटनेत मत असावं, पद नसावं. ही शेवटची अट मान्य झाली तर निम्म्या संघटनांची व्यासपीठं रिकामी होतील हे मला माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हेमा समितीच्या अहवालानंतर ‘अम्मा’ची अख्खी कार्यकारिणी राजीनामा देऊन मोकळी झाली, पुढच्या वर्षी श्वेता मेनन या पहिल्या महिला अध्यक्ष निवडून आल्या. माणसं बदलणं चांगलंच आहे. पण ज्या बंदीचा कागदच नव्हता ती रद्द झाल्याचा कागद तरी कोण काढणार?

तिलकन यांनी त्या काळात काय केलं? चित्रपट नाही, मालिका नाही, तर ते नाटकात परत गेले. अंबलप्पुळाकडच्या एका मंडळीबरोबर, त्या वयात, हृदयाचं दुखणं घेऊन पुन्हा मांडवात. हे मला त्यांच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठं वाटतं, आणि थोडा रागही येतो, कारण आपण अशा गोष्टींना लगेच ‘जिद्द’ म्हणतो आणि ज्यांनी ती जिद्द दाखवायला लावली त्यांना विसरतो.

पहिली फट पडली २०११ मध्ये. दिग्दर्शक रंजित यांनी ‘इंडियन रुपी’त त्यांना घेतलं. पाठोपाठ ‘उस्ताद हॉटेल’ आला. त्यातला कोळिक्कोडच्या किनाऱ्यावरचा करीमइक्का नातवाला बिर्याणी शिकवतो, आणि सुलेमानी चहाच्या प्रत्येक घोटात थोडी मोहब्बत हवी असं सांगतो. त्या भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला तेव्हा ते नव्हते. त्या पुरस्काराची आठवण सगळे काढतात. मला मात्र आठवते ती ‘इंडियन रुपी’तली एक साधी ओळ. जमिनीच्या दलालीत नशीब काढायला निघालेला पृथ्वीराज, जो त्या चित्रपटाचा एक निर्माताही होता, समोरच्या म्हाताऱ्याला विचारतो, इतके दिवस कुठे होतात? कथेत त्या प्रश्नाचा अर्थ अगदी किरकोळ आहे. केरळातल्या थिएटरांत त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिकीट काढलेलं होतं, आणि बंदी घालायच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं.